काट्याभोवतीची गर्दी

१८८२ सालच्या हिवाळ्यात सिसिली बेटावरच्या मेसिना या बंदरगावी एक रशियन कुटुंब भाड्याच्या घरात राहत होते. कुटुंबप्रमुख इल्या मेचनिकॉव्ह सदतीस वर्षांचे, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे काही महिन्यांपूर्वीपर्यंत प्राध्यापक. आदल्या वर्षी झार दुसऱ्या अलेक्झांडरचा खून झाला होता, ओडेसाच्या विद्यापीठात राजकारण माजले होते आणि या तापट, हळव्या माणसाने राजीनामा देऊन टाकला होता. पत्नी ओल्गा यांच्या माहेरची मिळकत हाती आली होती आणि तिच्याबरोबर त्यांच्या धाकट्या भावंडांची जबाबदारीही.

एके दिवशी सगळी मंडळी सर्कशीत वानरांचे खेळ पाहायला गेली. घरात मेचनिकॉव्ह एकटे, समोर सूक्ष्मदर्शक आणि त्याखाली तारामाशाची पिल्ले. ही पिल्ले काचेसारखी आरपार असतात. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे भटकत असतात, वाटेत येईल ते गिळत असतात. ते पाहता पाहता मेचनिकॉव्ह यांच्या मनात आले की हे भटकणे नुसते पोटासाठी नसेल; बाहेरून कुणी शत्रू घुसला तर याच पेशी त्याच्यावर धावून जात असतील. हे खरे असेल तर तारामाशाच्या पिल्लाला काटा टोचल्यावर, माणसाच्या बोटात कूस गेल्यावर घडते तेच घडायला हवे. ते उठून अंगणात गेले. मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून तिथे संत्र्याच्या जातीचे एक रोप सजवले होते. जवळच गुलाबाची झुडपे होती. त्यांचे काही काटे तोडून आणून त्यांनी पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप आली नाही. पहाटे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर प्रत्येक काट्याभोवती त्या भटक्या पेशींची दाट गर्दी जमलेली.

अनवाणी चाललेल्या कुणालाही हा प्रयोग नवा नाही. बाभळीचा काटा रुततो, रात्री ठणकतो, सकाळी भोवतालची जागा लाल होते, दोन दिवसांत पू धरतो आणि पुवाबरोबर काटा बाहेर येतो. पण पू म्हणजे काय, याविषयी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत उलटी होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून जखमेत उतरतात, हे यूलिउस कोनहाइम यांनी १८६७ साली बेडकावर दाखवले होते. मात्र या पेशी जंतूंना पोटात घालून अंगभर फिरवतात, म्हणजे रोग पसरवतात, असा बहुतेकांचा समज होता. मेचनिकॉव्ह म्हणाले, नाही, त्या जंतूंना खातात. योगायोगाने बर्लिनचे बुजुर्ग विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो तेव्हा मेसिनाला आले होते. त्यांनी काचपट्ट्या पाहिल्या, शाबासकी दिली आणि सावधही केले, कारण प्रस्थापित मत बरोबर विरुद्ध होते. पुढे व्हिएन्नात प्राध्यापक क्लाउस यांनी या पेशींना ग्रीक नाव सुचवले, फॅगोसाइट. आपण भक्षक पेशी म्हणतो. मेचनिकॉव्ह यांनी त्यांत दोन जाती पाडल्या, लहान भक्षक आणि मोठे भक्षक. लहानांना आज न्यूट्रोफिल म्हणतात. मोठ्यांचे मॅक्रोफेज हे नाव तेच राहिले. मराठीत त्यांना महाभक्षक म्हणतात. या लेखातली मुख्य पात्रे हीच दोन.

काट्याभोवती गर्दी जमते, काम उरकते आणि गर्दी पांगते, हे निरोगी अंगाचे झाले. ज्याच्या अंगात साखर आहे त्याच्या जखमेत मात्र काहीतरी बिनसते. ही गोष्ट मेचनिकॉव्ह यांच्या कितीतरी शतके आधी लिहून ठेवलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रण कोणाचे लवकर बरे होतात आणि कोणाचे कष्टाने, याची चर्चा येते. कष्टाने बरे होणाऱ्यांत चार जण एका ओळीत बसवले आहेत: कुष्ठी, विषबाधा झालेला, शोषाने खंगलेला आणि मधुमेही. सुश्रुतांचे कुष्ठ म्हणजे नेमका आजचा कुष्ठरोगच असे नाही, त्वचेचे पुष्कळ विकार त्यात येतात. तरीही कुष्ठी आणि मधुमेही यांची ही जोडी ध्यानात ठेवावी. तामिळनाडूतल्या एका इस्पितळात ती पुन्हा भेटणार आहे.

युरोपात हे ज्ञान फार उशिरा आले. मधुमेह आणि पायाचे गँगरीन यांचा संबंध फ्रान्सच्या लष्करी वैद्यकातले मार्शाल द काल्वी यांनी १८५२ साली मांडला. १८८७ मध्ये नॉटिंगहॅमचे सर्जन डेव्हिस प्राइस यांनी दोन्ही तळव्यांना आरपार व्रण पडलेल्या एका मधुमेही रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली आणि दोष पायाच्या नसांकडे असावा असे सुचवले. एरवी साखरेच्या रोग्यावर शस्त्र चालवायला सर्जन कचरत. जखम केली तर ती भरून येईल याची खात्री कोण देणार?

भक्षक पेशींची बाजू इकडे अजून कोर्टात उभीच होती. १८८८ साली मेचनिकॉव्ह पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले आणि पुढची वीस वर्षे जर्मनांशी भांडण्यात गेली. जर्मन पक्षाचे म्हणणे असे की रोगाशी लढते ते रक्तातले द्रव्य, पेशी नव्हेत. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये रक्तातली प्रतिविषे दाखवल्यावर त्या पक्षाचे पारडे जड झाले. मेचनिकॉव्ह प्रत्येक परिषदेला नव्या काचपट्ट्या घेऊन हजर होत आणि केस विस्कटलेले, आवाज चढलेला अशा थाटात भांडत.

समेट लंडनमधून आला. आल्मरॉथ राइट आणि त्यांचे सहकारी डग्लस यांनी १९०३ मध्ये दाखवले की रक्तद्रवातले काही पदार्थ जंतूंना चिकटतात आणि तसे झाले की भक्षक पेशी त्यांना पटापट गिळतात. या पदार्थांना त्यांनी ऑप्सोनिन म्हटले. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ जवळपास आपले तोंडीलावणे. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही. बरोबर ठेचा हवा. म्हणजे दोन्ही पक्ष खरे ठरले. राइट यांचा त्या दिवसांत एवढा गवगवा झाला की बर्नार्ड शॉ यांनी १९०६ साली त्यांच्यावर बेतलेले पात्र घालून 'द डॉक्टर्स डिलेमा' हे नाटक लिहिले आणि भक्षक पेशींना चेतवा म्हणत सुटणाऱ्या डॉक्टराची त्यात यथेच्छ टिंगल केली.

जाता जाता आपल्या घराजवळचा एक धागा सांगतो. हेच राइट त्याआधी प्लेग कमिशनचे सभासद म्हणून हिंदुस्थानात येऊन गेले होते. त्या कमिशनने ज्यांची लस तपासली ते वाल्देमार हाफकिन हे ओडेसात मेचनिकॉव्ह यांच्याच हाताखाली शिकलेले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोलीत प्लेगची लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे, तिचे गुरुघराणे असे मेसिनाच्या काट्यापाशी जाऊन पोचते.

१९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि जर्मन पक्षाचे पॉल एर्लिक यांना विभागून मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत दा कोस्टा आणि बिअर्डस्ली या दोघा डॉक्टरांनी राइट यांची पद्धत मधुमेहींच्या रक्ताला लावून पाहिली. मधुमेहींच्या रक्तात जंतू गिळले जाण्याचे माप कमी भरले. मधुमेहाचा आणि भक्षक पेशींचा संबंध हिशेबात मांडण्याचा हा आरंभीचा प्रयत्न. त्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही, आणि ते साहजिकच होते. त्या काळी मधुमेही मूल महिन्यांत दगावे आणि मोठा माणूस उपासमारीच्या पथ्यावर दिवस काढी. जखम भरेपर्यंत जगायचे कोणी?

मग ११ जानेवारी १९२२ हा दिवस उजाडला. टोरंटोच्या इस्पितळात लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेली. पहिला अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा दिला, आणि मुलगा सावरला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. जी कमी सांगितली जाते ती बॉस्टनची.

बॉस्टनला इलियट जॉस्लिन नावाचे डॉक्टर १८९० च्या दशकापासून आपल्या प्रत्येक मधुमेही रोग्याची नोंद वहीत ठेवत आले होते. न्यू इंग्लंडच्या जुन्या वळणाचा, शिस्तीचा माणूस. इन्सुलिन आल्यावर त्यांनी आपल्या वह्यांचा हिशेब केला आणि १९३४ साली मधुमेही गँगरीनच्या धोक्यावर एक लेख लिहिला. साखरेच्या बेशुद्धीने होणारे मृत्यू पूर्वी एकूण मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक होते, ते ५ टक्क्यांवर आले होते. गँगरीनचे मृत्यू मात्र वाढले होते. हिशेब सरळ होता. जे रोगी आधी मरून जात ते आता जगत होते, म्हातारे होत होते आणि पायाने मरत होते. जॉस्लिन यांनी निदान केले ते असे की हे गँगरीन आभाळातून पडत नाही, ते दुर्लक्षातून उगवते. पाय धुवा, पाय तपासा, नखे नीट कापा, बुटाकडे लक्ष द्या. त्यांच्या दवाखान्यात सर्जन आणि पायाची निगा राखणारे तज्ज्ञ एकत्र बसू लागले. इन्सुलिनसारखे अमृत हाती असताना हा मनुष्य नखे कापायला शिकवत होता, आणि माझ्या मते त्या पिढीतला सर्वांत शहाणा डॉक्टर तोच.

तरी प्रश्न उरलाच. इन्सुलिन देऊन साखर खाली आणली तरी जखम का रेंगाळते? १९६४ साली बायबी आणि रॉजर्स यांनी मधुमेहींच्या पांढऱ्या पेशी काढून त्यांच्यापुढे जंतू ठेवले. रक्तात आम्ल साठलेल्या, म्हणजे कीटोॲसिडोसिस झालेल्या रोग्यांच्या पेशी मंद खात होत्या. रोगी सुधारला की पेशीही सुधारत. १९७१ मध्ये मोवाट आणि बॉम यांनी खाण्याऐवजी चालणे मोजले. जंतूच्या वासावर धाव घेण्याची मधुमेही पेशींची चाल कमी होती, आणि काचनळीत त्यांना इन्सुलिन दिले की ती वाढे. तीन वर्षांनी बॅगडेड आणि सहकाऱ्यांनीही साखर ताब्यात नसलेल्या रोग्यांच्या पेशींत असाच अधूपणा दाखवला. निष्कर्ष ठरून गेला: मधुमेहीची पलटण दुबळी. उशिरा पोचते, कमी लढते, म्हणून जंतू माजतात, म्हणून जखम भरत नाही.

हे खोटे नव्हते. अर्धे होते.

उरलेले अर्धे सिएटलमध्ये गिनीपिगांच्या पाठीवर सापडले, आणि ते शोधणाऱ्यांना मधुमेहाशी काही कर्तव्य नव्हते. रसेल रॉस हे मूळचे दंतवैद्य, पुढे विकृतिशास्त्राकडे वळलेले. त्यांना साधा प्रश्न पडला होता की जखमेत जमणाऱ्या पेशींपैकी कोण काढून टाकले तर जखम अडेल. १९७२ मध्ये सिम्पसन यांच्यासह त्यांनी गिनीपिगांच्या रक्तातले न्यूट्रोफिल नाहीसे केले. जखमेत जंतू नसतील तर काही फरक पडला नाही, ती वेळेवर भरली. १९७५ मध्ये लिबोविच यांच्यासह त्यांनी महाभक्षकांना हटवले. आता मात्र सगळे ठप्प झाले. मेलेल्या पेशी, रक्ताच्या गुठळ्या, सगळा कचरा तसाच पडून राहिला आणि नवे तंतू विणणाऱ्या पेशी उशिरा आल्या, थोड्या आल्या.

वाडा पाडून नवी इमारत उभी राहताना पाहिलेल्या कुणालाही यातली मेख कळेल. आधी पाडकामवाले येतात. घण घालतात, धूळ उडवतात. मग मुकादम येतो, राडारोडा उचलायला लावतो आणि पाडकामवाल्यांचा हिशेब चुकता करून गवंड्यांना बोलावणे धाडतो. न्यूट्रोफिल हे पाडकामवाले. काही तासांत हजर, दोन दिवस धुमाकूळ. महाभक्षक हा मुकादम. गंमत अशी की पहिल्या दिवसांत तो स्वतःही घण घालतो. मेलेले न्यूट्रोफिल गिळता गिळता त्याचा स्वभाव पालटतो आणि तो बांधकामाची भाषा बोलू लागतो. त्याच्या निरोपावर नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तंतू विणले जातात, कडेची कातडी सरकत मध्ये येते. मेचनिकॉव्ह यांनी महाभक्षकाला खाणारा म्हणून ओळखले होते. तो बांधणाराही आहे, हे समजायला नव्वद वर्षे लागली.

आता मधुमेही जखमेत या मुकादमाचे काय होते, हा पुढचा प्रश्न ताबडतोब विचारला गेला असता तर बरे होते. तसे झाले नाही, कारण डॉक्टरांचे लक्ष तेव्हा दुसरीकडेच होते. १९५९ साली गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी कापलेल्या पायांची तपासणी करून सांगितले होते की मधुमेहीच्या बारीक रक्तवाहिन्याच तुंबलेल्या असतात. बारीक वाहिन्या तुंबल्या तर मोठ्या वाहिनीला वळणरस्ता काढून देण्यात अर्थ काय? मग पाय काढा. ही समजूत पंचवीस वर्षे टिकली. १९८४ मध्ये लोगेर्फो आणि कॉफमन यांनी पुरावे तपासून ती निराधार ठरवली, आणि त्यानंतर पावलापर्यंत बायपास करून पाय वाचवण्याची वाट मोकळी झाली. या पंचवीस वर्षांत किती पाय एका चुकीच्या समजुतीपायी गेले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

सुश्रुतांच्या ओळीतली ती जोडी याच काळात पुन्हा एकत्र आली. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ सालचा, तामिळनाडूतला; आईवडील मिशनरी. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जन होते. कुष्ठरोग्यांची बोटे सडून गळतात, असे तेव्हा सगळेच मानत. ब्रँड यांना दिसले की मांस सडके नाहीच, हरवली आहे ती वेदना. चटका कळत नाही, खडा कळत नाही. काहींची बोटे रात्रीतून कमी होत. पाळत ठेवली तेव्हा झोपेत उंदीर कुरतडताना आढळले, आणि मग रोग्यांना मांजरे दिली गेली. पायाचा व्रण प्लास्टरमध्ये घालून त्यावरचा भार काढला की तोच 'न भरणारा' व्रण भरून येई. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग इस्पितळात गेले आणि हाच प्लास्टरचा बूट तिथे मधुमेहींच्या बधिर पायांना चढला. तळव्याच्या मधुमेही व्रणावर आजही यापेक्षा खात्रीचा इलाज फारसा नाही.

ब्रँड यांच्या यशाने पेशींचा मुद्दा निकालात निघाला असे मात्र नाही. भार काढला, रक्त पोचते आहे, जंतू आटोक्यात आहेत, तरीही काही जखमा महिनोन्महिने तशाच. कडा जाड, मध्ये ओशट पिवळा थर, ना धड पू ना धड खपली. हा पेच उलगडायला पुन्हा प्राण्यांकडे जावे लागले. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॅक्सन लॅबोरेटरीत १९६६ साली उपजत मधुमेही उंदरांचा एक वाण सापडला होता. लठ्ठ, सुस्त आणि जखम झाली की ती रेंगाळणारा. शतकाच्या अखेरीपासून प्रयोगशाळांनी याच उंदरांच्या पाठीवर छोट्या गोल जखमा करून रोजच्या रोज आत कोण आहे ते मोजायला सुरुवात केली.

मोजणीत दुबळी पलटण दिसली नाही. दिसले ते असे: पाहुणे लग्नाला उशिरा आले हे खरे, पण मांडव उतरला, पंगती उठल्या, तरी ते जागचे हलायला तयार नाहीत. जिथे दहाव्या दिवशी गवंडीकाम चालू असायला हवे तिथे अजून घण पडत होते. ओहायोतल्या सविता खन्ना, चंदन सेन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले की मधुमेही उंदरांच्या जखमेतला महाभक्षक मेलेल्या पेशी नीट उचलत नाही. राडारोडा उचलला नाही तर त्याचा स्वभाव पालटण्याचा क्षणही येत नाही. तो पाडकामाच्याच भाषेत ओरडत राहतो. त्या ओरडण्यातला एक मोठा आवाज म्हणजे इंटरल्यूकिन-१ बीटा हे रसायन. शिकागोच्या मिर्झा, को आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उंदरांच्या जखमेत याच रसायनाला प्रतिपिंडाने गप्प केले, तर महाभक्षक बांधकामाला लागले आणि जखम लवकर भरली.

न्यूट्रोफिलांचीही एक नवी खोड कळली. २००४ मध्ये बर्लिनच्या ब्रिंकमन, झिक्लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी पाहिले की हे लहान भक्षक जंतू गिळतात तेवढेच करत नाहीत; मरताना आपल्या पोटातला डीएनए उलगडून कोळ्याच्या जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्यात जंतू अडकवतात. युक्ती झकास, पण त्या जाळ्यात आपल्या ऊतींना जाळणारी द्रव्येही असतात. बॉस्टनमध्ये डेनिसा वॅग्नर यांच्या प्रयोगशाळेने २०१५ साली दाखवून दिले की साखर वाढलेली असताना न्यूट्रोफिल ही जाळी फेकायला आधीच सज्ज असतात. मधुमेही माणसांच्या आणि उंदरांच्या, दोघांच्याही पेशींत हे दिसले. जाळी विणणारे विकर नसलेल्या उंदरांच्या जखमा लवकर भरल्या. जाळी कापणारे औषध दिले तरी लवकर भरल्या.

याच वर्षीचे मिशिगनमधल्या कॅथरिन गॅलाघर यांच्या गटाचे काम मला सगळ्यांत अस्वस्थ करणारे वाटते. महाभक्षकांचे पूर्वज अस्थिमज्जेत जन्मतात. मधुमेही उंदरांत या पूर्वजांच्या जनुकांवरच्या खुणा तिथेच, जखमेत उतरण्याच्या कितीतरी आधी बदललेल्या होत्या. म्हणजे मुकादम कामावर येतो तोच डोक्यात राख घालून. आज सकाळची साखर चांगली आली म्हणून तो कालपर्यंतचे विसरत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही सांगायला हवे. उंदराची कातडी सैल असते; जखम भरण्याऐवजी आकसून मिटते. त्याच्या पाठीवर महिनाभराची जखम पडते, आपल्या तळव्यावर वर्षाची. तो तिच्यावर उभा राहत नाही, आपण राहतो. प्रयोगशाळेत उंदराला बरे करणारी पुष्कळ औषधे माणसाच्या पायाशी येऊन निष्प्रभ ठरली, ती उगाच नाही.

एक औषध मात्र दवाखान्यापर्यंत पोचले, आणि त्याच्यामागे पुन्हा रसेल रॉस आहेत. रक्तातल्या बिंबिका फुटल्यावर पेशींना वाढायला लावणारे काही द्रव्य सुटते, हे त्यांनी १९७४ मध्ये दाखवले होते. त्यातून मिळालेल्या प्रथिनाचा मलम बनून डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत मधुमेही पायाच्या व्रणासाठी मंजूर झाला. गाजावाजा झाला, किंमत भारी होती, गुण बेताचा. कारण आता उघड आहे. गवंड्यांना निरोप धाडायचा तर तो पोचेपर्यंत शाबूत राहायला हवा. चिघळलेल्या जखमेत प्रथिने चावून खाणारी विकरे माजलेली असतात; ती हा निरोपही फाडून टाकतात. २००८ साली त्या मलमावर कर्करोगाच्या शंकेचा इशारा छापावा लागला. दहा वर्षांनी तो काढला, तोवर उत्साह ओसरला होता.

मेचनिकॉव्ह १९१६ साली पॅरिसमध्ये गेले. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवला आहे. दाह हा शरीराचा मित्र, हे त्यांनी आयुष्यभर भांडून पटवले. मित्राला वेळेवर निरोप देणारे औषध अजून मधुमेही पायाच्या नित्य उपचारात आलेले नाही. दवाखान्यात जे चालते ते जुनेच: मेलेले मांस खरडून काढणे, जंतू मारणे, रक्ताची वाट मोकळी करणे, पायावरचा भार उतरवणे, साखर ताब्यात ठेवणे. खरडण्यालाही आता नवा अर्थ आला आहे. सर्जन जे हाताने उचलतो ते महाभक्षकाने न उचललेलेच असते. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी या शतकाच्या आरंभी 'स्टेप बाय स्टेप' या नावाने गावोगावचे डॉक्टर आणि परिचारिका यांना जोडीने हेच शिकवायला घेतले, कारण अनवाणी चालणारे पाय भारतातही आहेत आणि आफ्रिकेतही.

घरात कुणाला साखर असेल तर एवढे करा. रात्री निजण्यापूर्वी त्यांचे दोन्ही तळवे उजेडात पाहा. ते एकटेच असतील आणि वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायला सांगा. बोटांच्या बेचक्यांत पाहा. चप्पल घालण्याआधी ती झटका. भोवरी किंवा कुरूप ब्लेडने कापू नका. आणि काटा दिसला, तो दुखत नसला तरी, घरी सुईने कोरत बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांना दाखवा.